तक्ता तीन

त्या रविवारी मधुसूदन खरवंडीकरांनी उपमा खाली लागू दिला, आणि खापर भैरवमाळच्या बिगुलावर फोडलं.

"हा नवा बिगुलवाला वरचा सूर घेताना दर वेळी घसरतो. माझं लक्ष तिकडे जातं," कढईचा तळ उलथन्यानं खरवडत ते म्हणाले. "पुण्याहून पहाटे निघून आलीस ती करपलेलं खायला."

"मला करपलेलंच आवडतं," शाल्मली म्हणाली.

"हे तू सहा वर्षांची असल्यापासून सांगतेस. तेव्हा आईला बरं वाटावं म्हणून सांगायचीस."

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून महिन्यातला एक रविवार शाल्मली वडिलांच्या क्वार्टरवर घालवी. भैरवमाळच्या सैनिकी अकादमीत भावी अधिकाऱ्यांना कवायतीबरोबर पदवीचं शिक्षण मिळे आणि खरवंडीकर तिथे अठ्ठावीस वर्षं युद्धेतिहास शिकवत होते. गणवेशाच्या त्या गावात बुशशर्ट घालून सायकलवर हिंडणारे ते जवळजवळ एकटेच. कॅडेट त्यांना पाठीमागे 'पीछेवाले सर' म्हणत. कारण त्यांचा बुधवारचा तास.

बुधवारी ते मुलांना वाळूच्या खोलीत नेत. खोलीच्या मधोमध कंबरेएवढ्या उंचीचा चौथरा, त्यावर वाळूचे डोंगर, निळ्या दोऱ्याच्या नद्या, काड्यापेटीची गावं. मग प्रत्येकाला एक पाकीट. पाकिटात कुठल्याशा जुन्या लढाईतला एक तास असे. त्या तासाला त्या जागेवरच्या अधिकाऱ्याला जेवढं ठाऊक होतं तेवढंच, त्याहून एक अक्षर जास्त नाही. कॅडेटनं कागदाच्या पुढच्या बाजूला आपला हुकूम लिहायचा. मागच्या बाजूला लिहायचं, 'मला काय माहीत नाही.' मार्क फक्त मागच्या बाजूला. पुढची बाजू ते वाचतही नसत, अशी अकादमीत वदंता होती.

उपम्याच्या ताटल्या घेऊन दोघं टेबलाशी बसली. लोणच्याच्या बरणीखाली चौदा पानांचा एक अहवाल दाबून ठेवलेला होता. शाल्मलीनं तो येता क्षणीच पाहिला होता.

"वाचलास का गं हा? तुमच्याच संस्थेचा आहे."

"वरवर."

"मी नीट वाचला. दोनदा." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "लिहिणाऱ्याची भाषा स्वच्छ आहे हो. कुठे फाफटपसारा नाही. खरवंडीकरांचा विषय बंद करा, हे चौदा पानांत सांगितलंय आणि एक शब्द कडू नाही. हे सोपं नसतं."

ते टोमणा मारत नव्हते. चांगलं वाक्य शत्रूचं असलं तरी ते त्याला दाद देत.

"चहा गार होतोय, बाबा."

"होऊ दे. एक विचारायचं होतं तुला. तक्ता एक आहे, तक्ता दोन आहे, मग एकदम चार. तक्ता तीन कु—"

"छपाईची चूक असेल."

ते तिच्याकडे पाहत राहिले. बाहेर बिगुल पुन्हा वरच्या सुराशी घसरला.

"असेल," ते म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

दुपारी दोघांनी मिळून माळ्यावरच्या रद्दीचे गठ्ठे बांधले. चारच्या बसला ते तिला सोडायला आले. सायकल हातात धरून, चालत. डबा परत आण, या वेळी विसरू नकोस, असं त्यांनी बस सुटताना खिडकीतून सांगितलं. मागच्या खेपेला नेलेला डबा ती याही वेळी विसरून आली होती. त्याबद्दल ते तिला दटावत होते. ती हसली आणि हात हलवला.

सोमवारी सकाळी ते वाळूची खोली आवरायला गेले. येत्या बुधवारचा तास शेवटचा असणार होता. सफाईवाल्याला ते साडेदहाला सापडले, चौथऱ्याला टेकून बसलेले. अर्धे डोंगर त्यांनी हातानं सपाट केले होते. अर्धे तसेच होते.

*

अहवाल शाल्मलीनं लिहिला होता.

ती मेंदूशास्त्रज्ञ. माणूस निर्णय घेतो म्हणजे मेंदूत नेमकं काय होतं, हा तिच्या संस्थेचा विषय. समजा धुक्यातून काहीतरी पुढे येतंय. माणूस की जनावर, आपला की परका? डोळ्यांकडून, कानांकडून पुरावा थेंबथेंब येत राहतो, आणि माठात पाणी साठावं तसा मेंदूत साठत जातो. पाणी एका खुणेला लागलं की हात हलतो. यालाच आपण 'मी ठरवलं' म्हणतो. ही खूण मात्र एका जागी नसते. मेंदूच्या तळाशी, दोन्ही बाजूंना, मसुराच्या दाण्यापेक्षा जरा मोठा असा एक पुंजका आहे. येणारे थेंब एकमेकांशी जुळेनासे झाले, एक म्हणतो माणूस आणि दुसरा म्हणतो झाड, की हा पुंजका खूण वर उचलतो. थांब, म्हणतो, अजून पाणी येऊ दे. आपण ज्याला शंका म्हणतो तिचं घर बहुधा तेच.

'त्वरा' हा एक पट्टा होता. टोपीच्या आत बसणारा, कपाळापासून मानेपर्यंत. त्यातून निघणाऱ्या ध्वनिलहरी कानाला ऐकू येत नसत, कवटीला इजा करत नसत. मात्र भिंगानं ऊन एका बिंदूवर आणावं तशा त्या दाण्यावर एकवटत आणि त्याला पेंगुळवत. रोज वीस मिनिटं, चाळीस दिवस. खूण खाली येई, आणि तिथेच राही. कॅडेट निम्म्या वेळात निर्णय घेऊ लागले. शिकणंही वेगानं होई. तीन वर्षांचा अभ्यासक्रम अकरा महिन्यांत बसवता येईल असं दिसू लागलं, तेव्हा अकादमीनं संस्थेला विचारलं की या कामाला कुठले विषय पोषक आहेत आणि कुठले नाहीत.

विषय क्रमांक अकरा, युद्धेतिहास. तो शिकलेल्या एक्केचाळीस मुलांना निर्णयाला इतरांपेक्षा एक तृतीयांश सेकंद जास्त लागत होता. पट्टा बांधूनसुद्धा. कुणीतरी बुधवार-बुधवार करून त्यांची खूण उचलून ठेवली होती.

आणि होता तक्ता तीन. त्यात निराळी चाचणी होती: मुद्दाम अपुरी माहिती देऊन घेतलेली. तिथे त्याच एक्केचाळीस मुलांचे चुकीचे हुकूम इतरांच्या एक तृतीयांश होते.

मुलं थोडी होती. एक्केचाळिसांवरून निष्कर्ष काढू नये, हे खरंच होतं. करारात फक्त वेळ मोजायला सांगितलं होतं, हेही खरं. पण शाल्मलीला तिसरं कारण ठाऊक होतं. विषय अकरा कोण शिकवतं हे संस्थेत सगळ्यांना माहीत होतं. "तू अलिप्त राहू शकशील ना?" असं संचालकांनी विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली होती. बापाचा विषय वाचवायला मुलीनं तक्ता घुसवला, असं कुणी म्हणायला नको होतं. तिनं तक्ता काढून टाकला. पुढच्या तक्त्यांचे क्रमांक बदलायचे राहून गेले. समितीतल्या नऊ जणांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

तक्ता काढायला तिला एक सेकंदही लागला नव्हता. हे तिला पुढे फार आठवे. कारण संस्थेच्या रिवाजाप्रमाणे पट्टा आधी संशोधकांनी स्वतःवर वापरला होता. रोज वीस मिनिटं, चाळीस दिवस.

*

दोन वर्षं गेली. त्वरा पाच अकादम्यांत पोचली.

शाल्मली तपासणीसाठी जाई तेव्हा तिला मेसमधला बदल आधी जाणवे. पूर्वी मुलं वाढप्याशी हुज्जत घालत, भाजी कुठली म्हणून ताटकळत, एकमेकांच्या ताटातलं पळवत. आता रांग सरसर पुढे सरके. बुद्धिबळाचा पट कपाटावर पडून होता. कुणी बंदी घातली नव्हती. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येई, आणि उत्तर बरोबर असे.

संस्थेत तिच्या खोलीत एके दुपारी एक तरुण अधिकारी आला. उंच, उन्हानं रापलेला, खालच्या ओठावर भाजल्याचा ताजा डाग.

"लेफ्टनंट सुमेध घोरबांड. नांदेडचा. सरांच्या शेवटच्या बॅचचा, मॅडम. सहा बुधवार मिळाले मला."

"बसा ना. चहा घे—"

"घेईन."

चहा आला. त्यानं कप तोंडाला लावला आणि चेहरा वेडावाकडा झाला. कप खाली ठेवून तो ओशाळं हसला.

"रोज भाजतं. गार होईपर्यंत थांबायचं, हे कळतं मला. पण हात आधीच उचललेला असतो." त्यानं ओठ चाटला. "आईचं सांगू? फोन केला की ती बोलायच्या आधी जराशी थांबते. सवय आहे तिची, आधी नुसता श्वास ऐकू येतो. तेवढ्यात माझा फोन ठेवून झालेला असतो. ती म्हणते, सुमेध, तुला माझा कंटाळा आला का रे?"

शाल्मलीनं त्याचा कप गार व्हायला टेबलाच्या पलीकडे सरकवला.

"मार्चमधलं ऐकलं असेल तुम्ही. उत्तरेच्या चौकीवरचं."

ऐकलं होतं. तीन ओळींची बातमी होती.

"मीच होतो तिथे. संध्याकाळची वेळ, बर्फ भुरभुरत होतं. नाल्यातून माणसं पळत वर आली, आमच्याच दिशेनं. हातात लांब काहीतरी. मी हुकूम दिला." तो सरळ बसून, नकाशा समजावून सांगावा तसं सांगत होता. "रस्त्यावरचे मजूर होते. दरड कोसळली होती, त्यांचे साथीदार गाडले गेले होते. मदत मागायला येत होते. हातात फावडी. पाच जण गेले, मॅडम."

"चौकशी झाली?"

"झाली. निर्णय नियमाला धरून. वेळ शून्य पूर्णांक अठ्ठावन्न सेकंद. शेरा, उत्कृष्ट." त्यानं खिशातून चौघडी केलेला कागद काढला. "सुट्टीवर गेलो तेव्हा ट्रंकेत हा सापडला."

बुधवारचा कागद होता. शाल्मलीनं सवयीनं तो उलटा केला. मागच्या बाजूला कॅडेटचं टोकदार अक्षर होतं.

'मला काय माहीत नाही. येणारे कोण आहेत. ते पळत का येत आहेत. त्यांच्या मागे काय आहे. हातातली वस्तू काय आहे. मी थांबलो तर काय होईल. मी थांबलो नाही तर काय होईल.'

खाली लाल शाईत वडिलांचं अक्षर: 'दहापैकी नऊ. एक मार्क राखून ठेवला आहे, तू एकदा खरोखर थांबशील तेव्हा घेऊन जा.'

"मला माहीत होतं," सुमेध म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज हलला. "सगळं आधी माहीत होतं मला, ताई. लिहून दिलं होतं मी."

भिंतीवरचा पंखा फिरत होता. त्यानं टोपी उचलली, पुन्हा मांडीवर ठेवली.

"सरांचा तास बंद का केला? तुमच्याच संस्थेनं काहीतरी लिहिलं होतं म्हणतात. कुणी लिहिलं, माहीत आहे का तुम्—"

"नाही," शाल्मली म्हणाली.

तो पुढे काही विचारणार होता. उठला, सॅलूट केला आणि गेला. कागद तिच्या टेबलावरच राहिला. विसरला की ठेवून गेला, कळायला मार्ग नव्हता.

*

तेराव्यानंतर क्वार्टर रिकामं करताना तिनं वडिलांच्या टेबलावरचे कागद एका पिशवीत भरले होते. पिशवीला तिनं दोन वर्षं हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी तिनं ती कपाटातून काढली.

वीजबिलं, एका निवृत्त हवालदाराचं आभाराचं पत्र, आणि तो अहवाल. लोणच्याच्या बरणीचा तेलकट गोल मुखपृष्ठावर तसाच होता. आत समासात काही नव्हतं. एकही खूण नाही, एकही रेघ नाही. वाचताना पेन्सिल न चालवणारे तिचे वडील नव्हेत. चौदाव्या पानापर्यंत तिनं पाहिलं आणि अहवाल मिटला.

मग तिच्या ध्यानात आलं, आणि स्वतःचीच शरम वाटली. पीछेवाले सरांची मुलगी ती. तिनं शेवटचं पान उलटं केलं.

तिथे त्या रविवारची तारीख होती. ती बसमध्ये बसल्यानंतर परत येऊन लिहिलेलं असणार.

'मला काय माहीत नाही.

१. तक्ता तीनमध्ये काय होतं.

२. माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर कसं आलं. शालू लहानपणी खोटं बोलायची तेव्हा आधी बराच वेळ नखं बघायची.

३. ती मला आपणहून सांगेल का. (वाट पाहावी.)'

खाली मार्कांची चौकट त्यांनी आखली होती. रिकामी होती.

ती खोटं बोलली हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. तिला दटावण्याचं निमित्त हवं म्हणून डब्याचं काढलं होतं. आणि मग वाट पाहायला त्यांच्याजवळ अठरा तास उरले होते.

तिनं पट्ट्याकडे बोट दाखवलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं. ध्वनिलहरींनी एक दाणा पेंगुळला, दाण्यानं थांब म्हटलं नाही, म्हणून तक्ता गेला, म्हणून छपाईची चूक. शास्त्राला धरून होतं ते. पण रविवारनंतर सोमवार उजाडला होता. त्या सकाळी आठ वाजता ती आपल्या खोलीत बसून, बाबांना सांगावं का म्हणत, फोनकडे बघत होती. तेव्हा ती पुष्कळ थांबली होती. त्या थांबण्यात पट्ट्याचा काही हात नव्हता.

*

समितीची बैठक पंधरा दिवसांनी भैरवमाळलाच भरली. ठराव एका ओळीचा होता: पुढल्या जूनपासून त्वरा सैनिकी शाळांत, चौदा वर्षांच्या मुलांपासून. संस्थेच्या मूळ अहवालाचा आधार घेतला जाणार होता. शाल्मलीनं यायचं, निष्कर्ष कायम आहेत असं सांगायचं आणि जेवून परतायचं. संचालकांनी तिला तसं वाक्यही लिहून दिलं होतं.

बैठकीपूर्वी ती वाळूच्या खोलीपाशी गेली. दाराला काच बसवली होती. चौथरा नव्हता. खुर्च्यांच्या तीन रांगा, प्रत्येकीच्या पाठीला अडकवलेला पट्टा. फरशीच्या एका कोपऱ्यात, झाडूच्या हाताला न लागलेली, चिमूटभर वाळू होती.

सभागृहात ब्रिगेडियर सरनोबत अध्यक्षस्थानी होते. गोरा, शिस्तीचा, मनानं चांगला माणूस. खरवंडीकरांच्या तेराव्याला आले होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर पडदा होता. प्रश्न संपला की त्यावर आकडे धावू लागत आणि उत्तराच्या पहिल्या शब्दाला थांबत. आता सगळ्याच बैठकांत ही रीत पडली होती. आधीच्या वक्त्यांचे आकडे ओळीनं दिसत होते: शून्य पूर्णांक सहा, शून्य पूर्णांक पाच, शून्य पूर्णांक सात.

"डॉक्टर खरवंडीकर," सरनोबत म्हणाले, "सर आज असते तर माझ्याशी भांडले असते. मला ते आवडलं असतं. असो. एका वाक्यात सांगा, तुमचा अहवाल पूर्ण आहे ना?"

शाल्मली उभी राहिली. वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. संचालकांनी लिहून दिलेलं, गुळगुळीत, प्रश्न संपायच्या आत पोचलेलं. तिनं ते तिथेच धरलं. ते ढकलत होतं. पापण्या मिटू नयेत म्हणून जोर लावावा तसा तिला जोर लावावा लागला.

एक सेकंद. दोन.

तिनं खाली पाहिलं. टेबलाच्या कडेवर टेकलेली स्वतःची नखं तिला दिसली.

चार. कुणीतरी खाकरलं. संचालकांनी मान वळवली. पाच. पडद्यावरचे आकडे तांबडे झाले. मागच्या रांगेतले तरुण अधिकारी एकदम तिच्याकडे पाहू लागले. इतकी मोठी शांतता त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. सहा.

"डॉक्टर, बरं वाटत नाही का?" सरनोबतांनी विचारलं. आकडे पुन्हा शून्यावरून धावू लागले.

तिनं तेही धावू दिले. तिच्या पर्समध्ये दोन कागद होते, सुमेधचा आणि बाबांचा. दोन्ही तिनं काढले, टेबलावर उलटे ठेवले, मागची बाजू वर.

"अहवाल अपुरा आहे," ती म्हणाली. "तक्ता तीन मी काढून टाकला. तो छापायचा राहिला नव्हता. विषय अकरा शिकलेली मुलं उशिरा ठरवत होती आणि कमी चुकत होती, एवढंच त्यात होतं. माझ्या वडिलांनी मला त्याबद्दल विचारलं होतं, त्यांच्या स्वयंपाकघरात, शेवटच्या दिवशी." ती परत थांबली, आणि या वेळी कुणी तिला काही विचारलं नाही. "बाबा, छपाईची चूक नव्हती. मी होते."